साठीच्या आसपास वापरलेली टुरिंग मोटरसायकल : तुम्ही कोणती घेतली आणि का?

धागाकर्ता

मंडळी, नमस्कार. वय ६१, उंची पाच फूट पाच, उजव्या गुडघ्याची अधूनमधून कुरकुर. तरुणपणी येझदी पळवली, मग संसार आणि स्कूटर. आता निवृत्तीनंतर सागरी महामार्गाने रेवस ते रेडी निवांत जायचंय, जमलं तर नर्मदा परिक्रमाही. नवी गाडी नको, ते पैसे फिरण्यात घातलेले बरे. बजेट दीड लाखाच्या आत. मायलेज आणि टॉप स्पीडची चर्चा कुठेही सापडते, ती इथे नको. पन्नाशी-साठी ओलांडल्यावर ज्यांनी जुनी गाडी घेतली त्यांनी कुठे दुखलं, कुठे सुखावलं, काय बघून घेतली ते लिहावं. घेऊन विकली असेल तर तेही लिहा, मला त्याचा उपयोग जास्त.

सातारा, वय ६४

रॉयल एनफिल्डची २०२१ची मीटिअर ३५० घेतली, पहिल्याच मालकाकडून. तो परदेशी निघाला होता. सीटची उंची ७६५ मिमी, त्यामुळे माझ्यासारख्या बुटक्याचेही दोन्ही तळवे सपाट टेकतात. वजन १९१ किलो. गाडी चालू असताना ते जाणवत नाही. जाणवतं आमच्या वाड्याच्या दारात. अंगणाला आतल्या बाजूला उतार आहे, गाडी बाहेर काढायची तर चढावर उलटी रेटावी लागते. म्हणून माझं सांगणं असं, की गाडी बघायला जाल तेव्हा किल्ली मागण्याआधी हँडल धरून ती दहा पावलं मागे ढकला. मग वर बसून पायांनी मागे रेटा. मालक चमत्कारिक नजरेने बघेल, बघू दे.

कोकणात याची परीक्षा फेरीबोटीवर होते. दाभोळ-धोपावे घ्या. बोटीत गाड्या दाटीवाटीने उभ्या, जेट्टीचा उतार ओला, काँक्रीटवर शेवाळाची बुळबुळ, मागचा जीपवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला, आणि तुम्हाला गाडी जागच्या जागी तिरकी करून बाहेर काढायची. एक पाय अधांतरी राहिला की गाडी आडवी झालीच.

सीसीचं म्हणाल तर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, समृद्धीवरही बंदी. राहिले जुने हायवे, घाट आणि आतले रस्ते. सत्तर-ऐंशीच्या वर जायचं कारणच काय? २० बीएचपी भरपूर झाले. मीटिअरला टाचेने गिअर टाकायचा मागचा खटका आहे आणि टायर ट्यूबलेस आहेत. या वयात रस्त्याकडेला चाक खोलत बसायचं नसेल तर ट्यूबलेस हवेतच.

नाशिक, वय ५८

सातारकर काकांशी निम्मा सहमत. सीट खाली हवी हे खरं, पण क्रूझर (मीटिअरसारखी, सीट खाली आणि पाय पुढे असलेली गाडी) म्हणजे आराम हे समीकरण माझ्या पाठीला मानवलं नाही. पाय पुढे गेले की सगळा भार माकडहाडावर येतो आणि खड्ड्याचा धक्का थेट मणक्यात. पावलं गुडघ्यांच्या खाली असली की खड्डा दिसताच माणूस नकळत पावलांवर भार घेऊन बूड बोटभर उचलतो, धक्का मांड्यांत जिरतो. पाय पुढे ताणलेले असले तर उठताच येत नाही, हँडलला लोंबकळावं लागतं. कमरेची गादी सरकलेल्यांनी हे आधी तपासावं.

मी क्रूझर विकून होंडाची हायनेस सीबी ३५० घेतली. सीट ८०० मिमी, माझे चवडे नीट टेकतात, टाचा नाही. वजन १८१ किलो. असिस्ट-स्लिपर क्लच असल्याने लिव्हर हलका; माझ्या डाव्या अंगठ्याचा सांधा दुखतो, घाटात आणि ट्रॅफिकमध्ये फरक पडतो. आणखी एक, पंधरा मिनिटांच्या टेस्ट राइडमध्ये काहीही कळत नाही. मालकाला पटवून तासभर चालवा, स्पीडब्रेकर भरपूर असलेला रस्ता निवडा. पाठ बोलते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणून टोकन त्याच दिवशी देऊ नका.

अहिल्यानगर, वय ६६

माझी बजाजची अव्हेंजर २२० क्रूझ. सीट ७३७ मिमी, वजन १६० किलोच्या जरा वर, पुढे काच, मागे बायकोला टेकायला पाठ. मेकॅनिक कुठल्याही तालुक्याला मिळतो, पार्ट स्वस्त. नाशिककरांचं म्हणणं शास्त्रशुद्ध असेल, पण माझी पाठ अजून काही बोललेली नाही. तुमच्या बजेटमध्ये आरामात बसेल आणि वर सायलेन्सरला हात लावायची बुद्धी झाली नाही तर शेजारीही सुखी.

पुणे, मागच्या सीटवरून

इथे सगळे पुढे बसणारे बोलताहेत. धागाकर्ते काका, परिक्रमेला एकटे जाणार की काकूंना नेणार? नेणार असाल तर गाडी बघायला त्यांना घेऊन जा, आणि नुसतं दाखवायला नको, मागे बसवून फिरवून आणा.

आमच्या यांना उंच ॲडव्हेंचर गाडीचा सोस होता. बघायला गेलो. मागचे फूटरेस्ट इतके वर, की माझे गुडघे त्यांच्या बरगड्यांशी. चढताना डावा पाय फूटरेस्टवर, उजवा हात त्यांच्या खांद्यावर, आणि मग उजवी तंगडी पलीकडे. त्यात सीटच्या मागे टॉपबॉक्स (सामानाची पेटी) आणि बाजूला पॅनिअर (बाजूच्या पेट्या). माझी टाच बॉक्सला लागली, गाडी डावीकडे कलली, आमचे हे ती सावरताना लाललाल झाले. तिथेच ती गाडी बाद.

घेतलेली गाडी ठेंगणी आहे, मागच्या सीटचा फोम पुन्हा भरून घेतला आणि थोडा रुंद केला. टॉपबॉक्सला पाठ टेकते हे फार मोठं सुख, पण त्यामुळे यांना पाय मागून टाकता येत नाही. ते गाडी उजवीकडे किंचित उभी करून, गुडघा दुमडून टाकीच्या मागून पाय काढतात. सीट खाली आहे म्हणून जमतं. काही जण साइड स्टँडवर लावलेल्या गाडीच्या फूटरेस्टवर उभं राहून घोड्यासारखे चढतात. सामानासकट सगळा भार त्या एका स्टँडवर येतो, मला ते बघवत नाही. आणि साडीत एका बाजूला बसून लांबचा प्रवास करू नका. मी सरळ ट्रॅकपँट घालते, नणंदेला काय वाटायचं ते वाटो.

कोल्हापूर, गॅरेजवाला

काका, गाडी कुठली घ्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा, मी कशी बघायची ते सांगतो. मालकाला आदल्या दिवशी फोनवर सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. गेल्या गेल्या इंजिनला हात लावा. गरम लागलं तर समजा, गार इंजिनवर काहीतरी लपवायचं हाय. सकाळची पहिली स्टार्ट, पहिल्या मिनिटाचा आवाज आणि धूर, यात निम्मी गोष्ट कळते.

मग मेन स्टँडवर लावून पुढचं चाक हवेत ठेवा, कुणाला तरी मागं दाबून धरायला लावा आणि हँडल हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बरोबर मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला. फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) नळीवर तेलाचा ओघळ दिसला तर ऑइल सील गेलं. मागच्या स्प्रॉकेटवरची (दातेरी चक्रावरची) चेन बोटानं मागं ओढा. दाताचा अर्ध्यापेक्षा जास्त भाग उघडा दिसला तर चेन-स्प्रॉकेट सेटचा खर्च धरा. टायरच्या भिंतीवर चार आकडे असत्यात. २६२१ म्हणजे २०२१ चा सव्विसावा आठवडा. नक्षी कितीही असू दे, सात-आठ वर्षांचा टायर बदलायचाच.

किलोमीटरच्या मीटरवर जाऊ नका. फूटरेस्टचं रबर, गिअर लिव्हरचं रबर, ग्रिप आणि डिस्कच्या कडेला पडलेली धार बघा. बारा हजार किलोमीटर फिरलेल्या गाडीचं रबर गुळगुळीत नसतंय. पडलेली गाडी लिव्हरच्या गोळ्यावर, हँडलच्या टोकाला आणि क्रॅश गार्डच्या खालच्या बाजूला खुणा ठेवते. मागं उभं राहून दोन्ही चाकं एका रेषेत हायत का बघा.

एक गैरसमज मोडतो. 'सर, गाडी नुसती उभीच होती' असं कुणी कौतुकानं सांगितलं तर किंमत वाढवू नका, कमी करा. उभ्या गाडीच्या टाकीत गंज, बॅटरी मेलेली, ब्रेकचे पिस्टन जाम, टायर चपटे. रोज तीस किलोमीटर ऑफिसला गेलेली गाडी त्यापेक्षा केव्हाही बरी.

ठाणे, कागदपत्रांसाठी

विकणाऱ्याचा फॉर्म २९, हस्तांतरणाचा फॉर्म ३०. कर्जाची गाडी असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, त्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण फॉर्म २८ ची एनओसी आणि इथला कर धरला की स्वस्ताई आटते. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून विमा, बोजा आणि थकलेली ई-चलनं बघा. विमा आपल्या नावावर करायला १४ दिवसांत अर्ज द्यायचा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, त्यामुळे हप्ता वाढेल. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (उच्च सुरक्षेची नंबरपाटी) बसवलीय का ते पाहा. १५ वर्षं उलटलेली असेल तर पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर.

आणि काका, आधी स्वतःचं लायसन काढून बघा. ५५ नंतर नूतनीकरण पाचच वर्षांसाठी होतं आणि डॉक्टरचा फॉर्म १-ए लागतो. गाडी दारात आणि लायसन संपलेलं, असे लोक मी पाहिलेत.

इंग्लंड, वय ६७

इकडचा अनुभव थोडा वेगळा, पण वजनाचा मुद्दा तोच. माझ्याकडे होंडाची डॉव्हिल होती, एनटी ७००. टुरिंगसाठीच बनवलेली, पॅनिअर बॉडीतच, आणि चेनऐवजी शाफ्ट, म्हणजे तेल घालणं नाही, ताण बघणं नाही. रस्त्यावर स्वर्ग. पण वजन अडीचशे किलोच्या आसपास आणि आमच्या घरासमोर खडी पसरलेली. खडीवर पाय सरकतो. साठी उलटल्यावर दर वेळी गाडी बाहेर काढताना मनात धाकधूक, मग हळूहळू मी गाडी न काढण्याची कारणं शोधायला लागलो. ती विकून सीबी ५०० एक्स घेतली, पन्नासेक किलो हलकी. आता पाऊस नसेल तर निघतो.

इथे जुनी गाडी घेणं सोपं आहे. दर वर्षीच्या एमओटी या सक्तीच्या वाहन तपासणीचे निकाल सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतात. कुठल्या वर्षी किती मैल, कशावर शेरा, सगळं. भारतात सर्व्हिस सेंटरचे जॉब कार्ड मागून तेच काम करावं लागेल.

इंदूर, वय ६२

परिक्रमेबद्दल. मी रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ वर केली, ओंकारेश्वरहून संकल्प सोडून, नर्मदा उजव्या हाताला ठेवत. रस्ता कधी गुळगुळीत, कधी नुसते दगड. पुढचं २१ इंची चाक आणि लांब सस्पेन्शन यांनी माझी कंबर वाचवली हे मान्य करतो. सीट ८०० मिमी, मी पाच फूट नऊ आहे म्हणून निभावलं. टायर मात्र ट्यूबचे, त्यामुळे पंक्चर म्हणजे खोळंबा. डिंडोरीच्या पुढे अमरकंटककडे चढताना थंडीने बोटं आखडली, तिथे ग्रिपवर मफलर गुंडाळला.

गाडीइतकीच दिनचर्या महत्त्वाची. पहाटे उजाडल्यावर निघायचं, दर तासाला उतरून चार पावलं चालायचं, दुपारी तीनला आश्रम गाठायचा. अंधारात चालवायचं नाही. मोतीबिंदूची सुरुवात असलेल्याला समोरच्या ट्रकचा दिवा म्हणजे भिंत.

वसई, वय ६०

मोटरसायकलच हवी असं कुणी सांगितलं? मोठी सीट असलेली १२५ची स्कूटर घ्या. क्लच नाही, गिअर नाही, तंगडी टाकायची नाही.

सातारा, वय ६४

वसईकर, छोट्या चाकांची स्कूटर घेऊन एकदा गणपतीपुळ्याच्या आतल्या रस्त्याने पावसाळ्यानंतर या. मग बोलू.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. सौ.ने पुणेकर ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि 'मी येणार' म्हणून जाहीर केलं. दोन गाड्या समोर आहेत. अव्हेंजर २२०, २०१७ची, पन्नास हजार सांगतोय. दुसरी मीटिअर, २०२१, दीडच्या जरा वर. कोल्हापूरकर, अव्हेंजर घेऊन उरलेल्या पैशांत दुरुस्ती केली तर?

कोल्हापूर, गॅरेजवाला

२०१७च्या अव्हेंजरला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते सगळीकडं सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून. काकू मागं, सामान मागं, कोकणातली लाल माती ओली, आणि समोर म्हैस. दुरुस्तीत एबीएस बसत नसतंय. अव्हेंजरच आवडली असेल तर २०१९ नंतरची शोधा, भरपूर हायत. मीटिअरवाल्याला मागचा टायर दाखवून पाच हजार तोडायला सांगा आणि येताना कराडवरून खाली आलात तर गाडी माझ्याकडं आणा, कोनसेट मी बघतो.