मदत हवी आहे: पॉटमधले आंब्याचे आइसक्रीम घट्ट होत नाही

हापूसवेडी:
आमच्याकडे लाकडी बादलीचा, हाताने फिरवायचा जुना पॉट आहे. बर्फ आणि खडे मीठ घालून कितीही वेळ दांडा फिरवला, तरी आतले मिश्रण दाट बासुंदीच्या पुढे जात नाही. रविवारी पाहुणे येणार आहेत, म्हणून कृपया लवकर सांगावे.

खडेमीठ:
बर्फ किती आणि मीठ किती, हे आपण लिहिलेलेच नाही. आमच्याकडे चार किलो बर्फाला एक किलो मीठ लागते, तेही थरावर थर देऊन, आणि साचलेले पाणी मी सतत काढून टाकतो.

द्रावण:
पाणी काढून टाकण्याचा सल्ला मला पटत नाही. ते मिठाचे द्रावण असते आणि डब्याच्या पत्र्याला सगळीकडून तेच भिडते; बर्फाचे तुकडे जेमतेम टोकांनी टेकतात. वरच्या भोकातून वाहून जाईल तेवढेच जाऊ द्यावे. शंभर ग्रॅम द्रावणात 10 ग्रॅम मीठ असेल तर ते सुमारे उणे 6.6 अंश सेल्सिअसला गोठू लागते, 20 ग्रॅम असेल तर उणे 16.5 ला, आणि 23.3 ग्रॅमला उणे 21.1 हा तळ येतो; बर्फ शिल्लक आहे तोवर बादली साधारण या गोठणबिंदूपर्यंतच थंड होऊ शकते. मिश्रणात साखर किती होती, हेही कळवावे.

निरामय:
साधे मीठ टाळून सैंधव वापरावे, ते प्रकृतीला चांगले असते.

खडेमीठ:
मीठ डब्याबाहेर राहते, पोटात जात नाही.

टोरांटोकर:
आमच्याकडे कडाक्याच्या थंडीत रस्त्यावरच्या मिठाचा उपयोग होईनासा झाला की कॅल्शियम क्लोराइड टाकतात. तेच बादलीत घालून पाहावे.

द्रावण:
निर्जल कॅल्शियम क्लोराइड विरघळताना बरीच उष्णता बाहेर टाकते आणि त्यात बर्फ विनाकारण वितळतो. खाण्याच्या पदार्थाशेजारी ते नकोच.

हापूसवेडी:
बर्फ पाच किलो होता, मीठ दोन मुठी. एक लिटर दूध, कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, वर पाव किलो साखर आणि चार हापूसचा रस. पण साखरेचा येथे काय संबंध?

द्रावण:
संबंध थेट आहे. विरघळलेला कोणताही पदार्थ पाण्याचा गोठणबिंदू खाली नेतो, आणि तो किती खाली जाईल हे मुख्यतः कणांच्या संख्येवर ठरते. एक किलो पाण्यात 342 ग्रॅम साखर घातली तर तो सुमारे 1.86 अंशांनी उतरतो. मिठाचे मात्र पाण्यात सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होत असल्यामुळे अवघे 58 ग्रॅम मीठ जवळपास दुप्पट काम करते. आपले मिश्रण उणे 2 ते 3 अंशांच्या आसपास गोठू लागेल, परंतु त्यातले पाणी बर्फ होऊ लागले की उरलेला पाक अधिक दाट होतो आणि त्याचा गोठणबिंदू आणखी घसरतो. दोन मुठी म्हणजे 150 ग्रॅम मीठ धरले, तर दीड किलोच्या आतच बर्फ वितळला की द्रावण 10 टक्क्यांवर येते, आणि पुढे पातळ होत जाऊन तापमान वर सरकते. तेवढ्या थंडीत हा पाक घट्ट होणे कठीण आहे.

खडेमीठ:
साखर कमी करू नये, आइसक्रीम दगडासारखे होते. मीठच वाढवावे.

द्रावण:
मिठाबाबत एकमत आहे. परंतु कंडेन्स्ड मिल्कमध्ये भरपूर साखर असताना वरची पाव किलो निम्मी केली तरी चालेल.

हापूसवेडी:
मीठ सव्वा किलो घेते, साखर निम्मी. मिश्रण आधी फ्रिजमध्ये ठेवावे का?

खडेमीठ:
रात्रभर ठेवावे. कोमट मिश्रण थंड करण्यातच निम्मा बर्फ खर्च होतो.