मदत हवी आहे: सोडियम बोरेट काचेत बीओ४ चा वाटा ०.२५ ऐवजी ०.२८ का येतोय?

नमस्कार. सॉलिड स्टेट एनएमआर (घन नमुन्यातल्या अणुकेंद्रकांचा चुंबकीय क्षेत्रातला रेडिओ सिग्नल मोजायचं तंत्र) हाताळलेलं कुणी इथं असेल तर कृपया वाचा. तीन आठवडे मी या एका आकड्यापाशी अडकले आहे.

माझी पीएचडी बोरोसिलिकेट काचेवर आहे. काचेत अणूंची स्फटिकासारखी लांबवर मांडणी नसते, त्यामुळे एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) नुसता पसरट उंचवटा दिसतो. एनएमआरला ती मांडणी लागत नाही. बोरॉनभोवती तीन ऑक्सिजन आहेत (बीओ३) की चार (बीओ४), हे त्यात वेगळं दिसतं, आणि मला नेमकं तेच हवंय. खऱ्या नमुन्यांआधी पद्धत तपासावी म्हणून २० मोल टक्के सोडियम ऑक्साइडची साधी बोरेट काच केली. हिचं उत्तर ब्राउन विद्यापीठात फिलिप ब्रे यांच्या गटानं १९६० च्या दशकातच दिलंय: साधारण ३० टक्क्यांपर्यंत प्रत्येक सोडियममागे एक बोरॉन चार ऑक्सिजनचा होतो. म्हणजे बीओ४ चा वाटा ०.२० भागिले ०.८०, ०.२५.

मशीन ४०० मेगाहर्ट्झचं, ४ मिमी झिर्कोनिया रोटर (नमुना भरून फिरवायची नळी), फिरकी १२ किलोहर्ट्झ. बोरिक आम्लाच्या द्रावणावर बसवलेली ४५ अंशांची पल्स (रेडिओ लहरींचा छोटा झोत; अंश जास्त तितकी ती लांब) दिली, तर ०.३१ आलं. बीओ३ चा क्वाड्रुपोलर स्थिरांक (भोवतालच्या असमान विद्युतक्षेत्राचा केंद्रकावर किती परिणाम होतो तो आकडा) २.६ मेगाहर्ट्झच्या आसपास, बीओ४ चा १ पेक्षाही कमी. इतकी लांब पल्स दोघांना सारखी लागू होत नाही, हे नंतर ध्यानात आलं. १५ अंशांवर ०.२६ मिळालं आणि हायसं वाटलं. मग रिकामा रोटर चालवला. प्रोबमधल्या (रोटर बसतो त्या भागातल्या) बोरॉन नायट्राइडचा फुगवटा नेमका बीओ३ खाली होता. तो वजा केला, तर ०.२८! म्हणजे आधीचं ०.२६ हे दोन चुका एकमेकींत जिरल्यामुळे आलं होतं का?

वितळवताना घटक उडाले असतील, असं सर म्हणतात. पण ०.२८ साठी सोडियम ऑक्साइड जवळपास २२ टक्के लागतं, म्हणजे बोरॉन ऑक्साइडचा नववा भाग उडायला हवा. काचेच्या वजनात अर्धा टक्काही जादा घट नाही.

माझा संशय बीओ४ च्या सॅटेलाइट संक्रमणांवर (मुख्य शिखर देणाऱ्या मधल्या संक्रमणाच्या बाजूच्या ऊर्जापातळ्यांमधल्या संक्रमणांवर) आहे. त्यांचा मधला पट्टा मुख्य शिखराखालीच लपतो. तो किती वजा करायचा, आणि तो फिरकीच्या वेगावर किती अवलंबून असतो? दुसरं, ९.४ टेस्लावर, म्हणजे माझ्या ४०० मेगाहर्ट्झच्या मशीनवर, बीओ३ सुमारे १० पीपीएम (दशलक्षांश) ऋण बाजूला सरकून बीओ४ ला जवळजवळ चिकटतो. १८.८ टेस्लावर हे सरकणं चौथाई होईल. त्यासाठी टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) एनएमआर सुविधेकडे वेळ मागावा, की फिटिंगमध्येच सुधारणा शक्य आहे?

हान एकोनं (दोन पल्सच्या पद्धतीनं) प्रोबची पार्श्वभूमी जाईल, पण मग दोन्ही बोरॉन सारखे मोजले जातायत हे कसं तपासायचं? कच्चा डेटा आणि फिटिंगच्या फाइल्स आजच देऊ शकते.