अंगावरून फार जातंय, अळिवाच्या लाडवांनी भागेल का?

वय ४३. पाळी नऊ-नऊ दिवस, दुसऱ्या दिवशी तर तासाला पॅड. हिमोग्लोबिन ८.६, जिना चढताना धाप लागते. सासूबाईंनी अशोकारिष्ट आणलंय, रोज एक लाडू सक्तीचा. कुणाला गुण आला का?

– अळीव, खजुरानं लोह मिळतं, स्राव थांबत नाही. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा तासाभरानं.

– मी सहा महिने अशोकारिष्टच पीत बसले. सोनोग्राफीत फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) निघाला! तासाला पॅड म्हणजे आधी डॉक्टर, लाडू मागाहून. स्राव कमी करायला ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड दिलं, तर पूर्वी रक्ताची गुठळी झाली असल्यास सांगा.

– उद्याची वेळ घेतली. आणि गोळी मी चहाबरोबरच गिळत होते, बघा!