मदत हवी आहे: गल्लीतल्या कुत्र्यांवर धावणारा मुधोळ जातीचा कुत्रा, अंतर राखायचं कसं?

नमस्कार मंडळी. शहापूर, बेळगाव. दीड वर्षाचा मुधोळ नर, दुसरं कुत्रं दिसलं की पट्टा ताणून भुंकत सुटतो. बक्षीस देऊन शिकवणाऱ्या ट्रेनरकडे काम सुरू आहे.

पद्धत अशी: समोरचं कुत्रं दिसेल पण हा भुंकणार नाही इतक्या लांब थांबायचं, सध्या 25-30 मीटर. त्याने तिकडे पाहिलं की क्लिक (हातातल्या छोट्या क्लिकरचा 'टिक' आवाज, म्हणजे 'बरोबर, आता खाऊ'), आणि एक-दोन सेकंदांत वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा. तुकडा नाकारला म्हणजे आपण फार जवळ आलो. मुकाट्याने मागे फिरायचं. मुधोळचं डोकं निमुळतं, साधा गळपट्टा सटकतो, म्हणून हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा.

अडचण गल्लीची. वळणावरून भटकी कुत्री थेट दहा पावलांवर उगवतात आणि सगळी मेहनत पाण्यात. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत पहाटे पट्ट्याला बांधून नेता येतं का? की खानापूर रोडकडे एखादी मोकळी जागा आहे? आणि मोकाट कुत्रं अंगावरच आलं तर तुम्ही काय करता? जमिनीवर मूठभर खाऊ विखरून निसटणं कुणाला जमलंय?

साखळीला झटका द्या, हा सल्ला मात्र नको. दुसरं कुत्रं दिसलं की मान दुखते, एवढंच तो शिकतो आणि जास्त चवताळतो.