मदत हवी आहे: ६७००४१७ मूळ संख्या आहे हे हाताने कसं दाखवायचं?

पुतणी आठवीत आहे. बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाची गोष्ट (पहिल्या घरात एक दाणा, पुढे प्रत्येक घरात दुप्पट) मीच तिला सांगितली आणि मीच अडकलो. एकूण दाणे २^६४ − १, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१५. लगेच प्रश्न आला, "काका, याला कशाकशाने भाग जातो?"

आधी एक्सेल उघडलं, दिवसभर त्यातच असतो. त्याने शेवटचे पाच आकडे शून्य करून टाकले. पंधरा आकड्यांच्या पुढे ते हात वर करतं, हे इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मग वही काढली. अ² − ब² चं सूत्र परत परत लावलं की हे मिळतं:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

शेवटची संख्या मला मूळ वाटली. फर्मा या थोर गणितज्ञालाही तसंच वाटलं होतं, त्यामुळे लाज वाटत नाही. १७३२ मध्ये ऑयलरने तिचे ६४१ × ६७००४१७ असे तुकडे पाडले. गुणाकार करून पाहिला, जुळतो. ६५५३७ साठी चोपन्न भागाकार केले, रविवार गेला. पण ६७००४१७ साठी तिच्या वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे २५८८ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या घ्याव्या लागतील, म्हणजे साडेतीनशेहून जास्त भागाकार! काही युक्ती आहे का?

प्रतिसाद १: ऑनलाइन टाका की, सेकंदात उत्तर येईल.

धागाकर्ता: ते केलं हो. "त्याने कसं काढलं?" असं विचारते ती.

प्रतिसाद २: ही संख्या २^३२ + १ ची (म्हणजे तुमच्या ४२९४९६७२९७ ची) भाजक आहे, त्याचाच फायदा घ्या. तिला एखाद्या मूळ संख्येने भाग गेला, तर त्या मूळ संख्येने २^३२ ला भागल्यावर बाकी −१ उरणार. म्हणजे २ च्या घातांमध्ये बाकी १ पहिल्यांदा ६४ व्या घातालाच येणार. मग फर्माच्याच दुसऱ्या एका प्रमेयावरून, त्या मूळ संख्येतून १ वजा केला की ६४ ने भाग जायलाच हवा. लुकास या गणितज्ञाने पुढे दाखवलं की १२८ ने जातो. २५८८ च्या आत अशा मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. करा भागाकार.

धागाकर्ता: झालं! बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. शेवटची माझी ६३२ आली होती, पुतणीने पकडली. मनापासून आभार. आता ती विचारतेय, ६४ चं समजलं, पण १२८ कुठून आला? आठवीतल्या मुलीला पटेल असं कुणी सांगेल का?