मदत हवी आहे: नाम कर्म आहे की क्रियाविशेषणाचं काम करतंय?

नमस्कार मंडळी. मराठी माध्यमाच्या दहावीला इंग्रजी शिकवते. 'स्लोली' किंवा 'ऑन द फ्लोअर' मुलं पटकन ओळखतात. अडतं ते नामाचा गट क्रियाविशेषणासारखा येतो तिथे.

'ही रेड द लेटर' आणि 'ही रेड ऑल नाइट' ही जोडी फळ्यावर लिहिली. कर्मणी करून पाहिलं: 'द लेटर वॉज रेड' जमतं, 'ऑल नाइट वॉज रेड' जमत नाही. मुलांना हे फार आवडलं. 'काय?' आणि 'किती वेळ?' हे प्रश्नही उपयोगी पडले. शब्द गाळून बघण्याची युक्ती मात्र फसते: 'द मीटिंग लास्टेड टू अवर्स'मधून 'टू अवर्स' काढलं तर वाक्यच लंगडं पडतं, तरी ते कर्म नाही.

खरी अडचण 'शी रॅन टू माइल्स'ची. प्रश्न 'किती लांब?' असा पडतो, पण 'द लास्ट माइल वॉज रन इन द रेन' हे कर्मणीही चालतं. मराठीचा आधारही मिळत नाही. 'रात्रभर'मध्ये 'भर' आहे, 'दोन मैल धावली'त काहीच नाही.

आकृत्या किंवा जड संज्ञा नकोत, मुलं त्यात हरवतात. अंतर सांगणाऱ्या अशा नामांना वर्गात काय म्हणावं, आणि ते ठरवायला कोणती एक कसोटी द्यावी?