पहिलं वर्ष लूवनलाच का?

'समन्वयक म्हणजे फक्त शिक्का मारणारं विद्यापीठ' असं काही जण म्हणतात, ते काही मला पटत नाही. इरॅस्मस मुंडस म्हणजे युरोपातली अनेक विद्यापीठं मिळून मास्टर्स चालवतात ती युरोपीय संघाची योजना. तिच्या नॅनो (नॅनोतंत्रज्ञान) मास्टर्समध्ये बेल्जियमचं केयू लूवन विद्यापीठ समन्वयक आहे, आणि पहिलं वर्ष सगळ्यांना तिथेच काढावं लागतं. भौतिकशास्त्रवाला, केमिस्ट्रीवाला, इलेक्ट्रॉनिक्सवाला असे सगळे एका वर्गात येतात. त्यांना एका पातळीवर आणायचं खरं कष्टाचं काम लूवनच्या वाट्याला. दुसऱ्या वर्षी मग ग्रेनोबल (फ्रान्स), ड्रेस्डेन (जर्मनी), चाल्मर्स (स्वीडन) किंवा बार्सिलोना (स्पेन) यांपैकी एक विद्यापीठ, आपापल्या विषयानुसार. शेवटी दोन्ही विद्यापीठांची पदवी.

शिवाय गावातच आयमेक आहे, १९८४ पासून चिपवर संशोधन करणारी संस्था. क्लीनरूम (चिप बनवायची धूळमुक्त खोली) पुस्तकात वाचणं वेगळं, आणि डोक्यापासून पायापर्यंत झाकून पिवळ्या उजेडात शिरणं वेगळं. (पिवळा अशासाठी की निळ्या-जांभळ्या प्रकाशाने फोटोरेझिस्ट, म्हणजे चिपवर लावायचा प्रकाशसंवेदी थर, खराब होतो.) आत साधी पेन्सिलही चालत नाही, ग्रॅफाइटचे कण उडतात!

अर्ज करताना मात्र दुसऱ्या वर्षाचं विद्यापीठ आधी ठरवा. बायोकडे ओढा असेल तर बार्सिलोना बघा. निव्वळ शहर आवडलं म्हणून निवडू नका, हे आपलं माझं मत.